उठायची रीत

कापूस घरात आला की अंगाला खाज सुटते, हे गंगापूरकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. मी शहरातली. वडील कचेरीत कारकून, घर गारखेड्यात. शेताशी संबंध एवढाच की हिवाळ्यात कुणीतरी ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आणून द्यायचं. पण एका हंगामात ती खाज मलाही लागली. परवा वाळूज मागं टाकून गाडी पुढं निघाली आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसले. भरलेले टेम्पो खालून जातात तेव्हा काटे हाती लागेल तेवढा कापूस ओढून घेतात. मग ती झाडं भलत्याच ऋतूत फुलल्यासारखी दिसतात. ते बघता बघता मी मनगट खाजवायला लागले. शेजारी आमच्याकडं नव्यानं लागलेली मुलगी बसली होती. "डास चावला का मॅडम?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शहरात आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. ज्या लहान मुलांची वाढ मागं पडलीय, जी वेळेवर बसत नाहीत, चालत नाहीत, बोलत नाहीत, त्यांच्यासाठी. पण अशी मुलं आपणहून येत नाहीत, त्यांना शोधावं लागतं. म्हणून आम्ही खेळण्यांची पिशवी घेऊन गावोगावच्या अंगणवाड्यांत जातो, मुलांसोबत फरशीवर बसतो, खेळतो आणि खेळता खेळता बघतो. मागून हाक मारली की वळतं का, चुरमुरा चिमटीत धरतं का, एका पायावर क्षणभर उभं राहतं का. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या बाईला दुसरा उद्योग नाही. बहुतेक मुलं ठणठणीत असतात. सुपातून धान्य पाखडताना हाताला एखादा जड दाणा जाणवावा तसं मध्येच एखादं मूल जाणवतं.

त्या वर्षी दिवाळी उरकली होती. सकाळी धुकं असायचं, तुरीला पिवळा फुलोरा आलेला, आणि काळ्या रानात कापूस असा फुटलेला की डोळे दिपावेत. गावं मात्र रिकामी. बाया उजाडायच्या आत वेचणीला गेलेल्या. त्यामुळं अंगणवाडीत मुलांना घेऊन यायच्या त्या आज्या. मुलाचं वय विचारलं तर "पोळ्याच्या आधी झालाय बघा" असं उत्तर. कोणता पोळा, ते त्यांच्यात आपसात भांडून ठरायचं. एका आजीनं नातवाला कडेवरून खालीच उतरवलं नाही. मी चेंडू दाखवला, तर म्हणाली, "त्याला कशाला विचारता? मला विचारा. मी सांगते सगळं." रंगीत ठोकळे पुढं ठेवले की कित्येक मुलं नुसती बघत बसायची. त्यांनी ठोकळे कधी पाहिलेच नव्हते. एकानं मात्र खिशातून कापसाची वाळकी बोंडं काढली आणि त्यांचाच मनोरा रचून दाखवला. आम्हाला तेवढंच हवं होतं. ठोकळ्याला काय सोनं लागलंय?

अशाच एका सकाळी गंगापूरच्या पुढच्या एका गावात राजवीर भेटला.

तो आला आप्पांच्या बोटाला धरून. आप्पा म्हणजे त्याचे आजोबा. साठीच्या पुढचे, धिप्पाड, चुरगळलेल्या कानांचे. तरुणपणी कुस्त्या खेळलेल्या माणसाचे कान ओळखू येतात. अंगणवाडीच्या सुनंदाताई म्हणाल्या, "हा राजवीर. चार सरून पाचवं लागलंय. डोक्यानं लई तेज हाय, पण पायानं जड. बाकीची पोरं पळतेत, हा मागं राहतो. सारखा पडतो बी."

"पैलवान गडी जडच असतो," आप्पा म्हणाले. मग त्यांनी नातवाची चड्डी गुडघ्याच्या वर सारली आणि त्याला माझ्याकडं पाठ करून उभं केलं. "पोटऱ्या बघा मॅडम. हात लावून बघा. आमच्या घराण्याच्या पोटऱ्या हायेत ह्या. तालमीत ज्याला बी दाखवल्या त्यो म्हणला, आप्पा, तुमचं नाव राखणार हा."

मी हात लावला. चार वर्षांच्या मुलाच्या मानानं त्या पोटऱ्या फारच भरलेल्या होत्या आणि हाताला लागत होत्या रबरासारख्या, घट्ट. मी हात काढून घेतला. त्याला मांडी घालून बसायला सांगितलं आणि चेंडू दाराकडं सोडला. "राजवीर, पळत जाऊन आणतोस का?"

तो आधी पालथा झाला. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, ढुंगण वर उचललं. मग एक हात गुडघ्यावर आला, दुसरा गुडघ्यावर आला; ते हात मांड्यांवरून वर वर सरकत गेले आणि असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत तो उभा राहिला. पोट पुढं काढून, टाचा किंचित उचलून, डुलत डुलत चेंडूकडं गेला. बाकीच्या पोरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. राजवीर असाच उठायचा. त्याची ती रीत होती.

"दम लावतो बघा कसा," आप्पा कौतुकानं म्हणाले.

ही रीत आम्हाला कॉलेजात शिकवतात. एकदा चित्रात बघितली की विसरत नाही. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा एक आजार आहे, तो फक्त मुलग्यांना होतो म्हटलं तरी चालेल, आणि त्याची पहिली खूण ही अशी दिसते. फुगलेल्या पोटऱ्यांतही ताकद नसते. ताकदीच्या जागी दुसरंच काहीतरी भरत गेलेलं असतं. मी चेंडू पुन्हा टाकला. मग आणखी एकदा टाकला. माझी चूक झाली असावी, एवढ्यासाठी. राजवीरला वाटलं, खेळ रंगलाय. तो दरवेळी हसत उठला, दरवेळी तसाच.

तेवढ्यात त्याची आई आली. सुनंदाताईंनी रानात निरोप धाडला होता. मनीषा तिचं नाव. पदराच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच होता, आणि वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटांची पेरं फाटली होती. ती दारात उभी राहिली. राजवीर पुन्हा उठायला लागला तसे आम्ही सगळे त्याच्याकडं बघत होतो. ती तेवढी बाहेर बघत होती. तेव्हा वाटलं, बाईचं लक्ष रानात आहे.

आमच्या कामाचा एक नियम आहे. अंगणवाडीत आजाराचं नाव घ्यायचं नाही. पुढची तपासणी लागेल, एवढंच सांगायचं. मी तेच सांगितलं. "पायातली ताकद नीट तपासायला हवी. शहरात आमच्या केंद्रावर घेऊन या."

"ताकद?" आप्पा हसले. "चला घरी. दाखवतो ताकद."

घर जवळच होतं. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. घरातली माणसं उरलेल्या जागेत कशीबशी वावरत होती. राजवीरनं आत शिरल्या शिरल्या स्वतःला त्या ढिगावर टाकून दिलं. तिथं पडलं की लागत नाही, हे त्याला माहीत होतं. तो पडला, लोळला, खिदळला, आणि मला हात करून म्हणाला, "मॅडम, तुमी बी या." मी बसले. कापूस उबदार होता, त्याला उन्हाचा आणि सरकीच्या तेलाचा वास होता. माझ्या केसांत तो मुठीमुठीनं कापूस भरत राहिला. तिथंच माझ्या हातांना ती खाज लागली.

मग आप्पांनी त्याला अंगणात उभं केलं. "चल गड्या, बैठका दाखव मॅडमला."

राजवीरनं हात पुढं केले, खाली बसला, आणि वर येताना हात आपोआप मांड्यांवर गेले. आप्पा मोजत होते. आवाजात तालमीतला कडकपणा होता आणि डोळ्यांत लाड. दोन-तीन झाल्या असतील, तो मटकन खाली बसला आणि आजोबांकडं बघून हसला. "रोज सकाळी करून घेतो," आप्पा म्हणाले. "पाय जड म्हणतेत ना, दोन महिन्यांत बघा कसं हरणावानी पळतंय."

"आप्पा," मी म्हणाले, "बैठका सध्या बंद ठेवा."

"कामून?"

"तपासणी होईपर्यंत. कदाचित त्यानं अपाय होत असेल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी मराठी सोडून दुसऱ्याच कुठल्या भाषेत बोलले असावे तसे. "बैठकीनं?" ते म्हणाले. "बैठकीनं कुणाचं वाईट झालंय मॅडम आजपरेंत?"

त्या आजारात ताण पडला की स्नायू अधिक लवकर तुटतात. पण हे मी अजून सांगू शकत नव्हते. गाडीत बसले तेव्हा ते फाटकाशी उभे होते, नातू खांद्यावर. त्यांनी हात हलवला, नातवाचाही हात धरून हलवला.

चार-आठ दिवसांनी ते केंद्रावर आले. गंगापूरपर्यंत जीप, पुढं एसटी. वेचणीच्या दिवसांत असा खाडा पडणं म्हणजे काय, ते मी तोवर शिकले होते. झाडावर फुटलेला कापूस थांबत नाही, वाऱ्यानं गळून मातीत जातो. राजवीरचा बाप वाळूजला कंपनीत, त्याची दिवसपाळी, म्हणून आप्पा आणि मनीषाच आले. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी राजवीरला बघितलं. माझ्याकडं एकदा बघितलं. रक्त घेतलं. तो रडू नये म्हणून आप्पा त्याला खाली रसवंतीवर घेऊन गेले. मनीषा माझ्या खोलीत बसून राहिली. त्या दिवशी तिच्या अंगावर धुतलेली साडी होती, आणि पदर पोटावरून नीट ओढलेला असूनही दिसत होतं. तिला सहावा संपत आला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "रिपोर्टात काय येणार, ते तुमाला माहीत हाय ना?"

"रिपोर्ट आल्याशिवाय कसं सांगणार?"

"मला बी माहीत हाय."

ती फाटलेल्या पेरांवरची साल काढत राहिली.

"माझा थोरला भाऊ असाच उठायचा. गुडघ्याला हात लावून. आमी बारीक होतो, आमी त्याची नक्कल करायचो. त्यो बी हसायचा. मग त्याचं चालणं गेलं. मग हात गेले. शेवटी शेवटी कुशीवर वळायचं तर आई वळवायची. लोक म्हणायचे, वारं गेलं अंगावरून. कोणी म्हणायचं, बाहेरचं हाय. मी सातवीला होते तवा गेला. मिसरूड फुटली होती त्याला." तिनं पदर पोटावरून पुन्हा ओढला. "राजवीर पयल्यांदा तसा उठला ना, तवा मी चुलीपाशी होते. मी बघितलंच नाय, असं केलं."

म्हणजे अंगणवाडीच्या दारात ती रानाकडं बघत नव्हती. ती फक्त राजवीरकडं बघत नव्हती.

मग तिनं पोटावर हात ठेवला. "हे बी तसंच असंल का?"

हा आजार आईकडून मुलग्याकडं येतो. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. मुलगी असेल तर बहुतेक सुटते, मुलगा असेल तर सापडेल किंवा सुटेल, सारखाच संभव. हे सगळं मी तिला सावकाश सांगितलं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही.

"आधी आले असते तर कळलं असतं का?"

"कळलं असतं कदाचित. पण त्याआधी राजवीरची मोठी तपासणी व्हावी लागते. रक्त बाहेरगावी पाठवतात, महिना-दीड महिना जातो. आता तेवढे दिवस हातात नाहीत."

ज्या भिंतीला टेकून ती बसली होती, तिच्यावर आमचंच वाक्य रंगवलेलं होतं: लवकर ओळखा, मूल सावरा. खाली हसणाऱ्या बाळाचं चित्र. ते वाक्य खोटं नाही. त्याच हंगामात पलीकडच्या वस्तीवरची एक अशक्त मुलगी, दोन वर्षांची होऊनही उभी राहत नव्हती, ती आमच्याकडच्या व्यायामानं आणि अंड्या-शेंगदाण्यानं पावलं टाकायला लागली होती. तिच्या आजीनं मला गुळाची पोळी फडक्यात बांधून दिली. त्या दिवशी मी गाडीत गाणं म्हटल्याचं आठवतं. पण ते वाक्य मनीषासाठी लिहिलेलं नव्हतं. तिनं मान वळवून ते वाचलंही असेल. ती एवढंच म्हणाली, "आप्पाला सांगू नका, माझ्याकडून आलंय म्हणून. आजार हाय एवढं सांगा. कुठून आलाय ते नका सांगू."

मी कबूल केलं.

रिपोर्ट आला. जे यायचं तेच आलं. डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं, मी शेजारी होते. स्नायूंचा आजार आहे, वाढत जाणारा आहे. गोळ्या सुरू करू. त्यानं चालणं काही वर्षं टिकवता येतं. आप्पा नीट ऐकत होते. कुस्तीचा निकाल ऐकावा तसे, मान थोडी तिरकी करून.

"मंजी पुढं चालणार नाय?"

"पुढं कधीतरी. आत्ता नाही."

"आन् इलाज?"

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं करणारं औषध आपल्याकडं नाही.

आप्पांनी माझ्याकडं तोंड वळवलं. "म्हणून बैठका बंद करायला लावल्या व्हय?"

"हो, आप्पा."

"मग मी काय करू त्याचं?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला नाही, मला विचारला. "मला तेवढंच येतंय, मॅडम. दुसरं काय करू मी त्याचं, सांगा की."

मी त्यांना टाच ताणायला शिकवली. त्याहून अधिक माझ्याजवळ नव्हतं. गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात घ्यायची, पाऊल आपल्या मनगटाकडं हळू दाबायचं आणि तिथं धरून ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ. त्यानं बरं होत नाही. टाच आखडायची ती जरा उशिरा आखडते. त्यांचा पंजा एवढा मोठा की राजवीरचं अख्खं पाऊल त्यात मावायचं. पहिल्या दिवशी ते इतकं हलकं धरत होते की काही ताणलंच जात नव्हतं. "जोर लावा आप्पा," मी म्हणाले. ते म्हणाले, "भ्या वाटायलंय."

तो हंगाम मी जमेल तितक्या वेळा त्या गावाला गेले. रानं हळूहळू पांढऱ्याची तपकिरी झाली. शेवटची वेचणी झाली, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून दारोदार जळणाच्या गंज्या लागल्या. राजवीरच्या घरातला कापूस व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेला त्या दिवशी तो रिकाम्या खोलीत उभा राहून फार रडला. त्याची पडायची जागा गेली होती. रात्री पायाला बांधायच्या आधारपट्ट्यांची मापं घ्यायला एक माणूस आमच्याकडं अधूनमधून यायचा. तो येईपर्यंत आणि पट्ट्या तयार होऊन येईपर्यंत राजवीरचा पाय वाढलेला असायचा. मग नवी मापं. मी फोन करायचे, विनवण्या करायचे. पलीकडचा माणूसही वाईट नव्हता. त्याच्याकडं जिल्हाभरातले पाय होते.

उन्हाळा लागता लागता आप्पांचा फोन आला. "मॅडम, पोरगी झाली."

मग नाक ओढून म्हणाले, "जिलेबी वाटायलोय गावात. लोक म्हणतेत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरू द्या. आता माझ्या सुनेला झोप लागंल."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं. नंतर गेले तेव्हा, मनीषा बाळाला घेऊन आत असताना, ते मला अंगणात हळूच म्हणाले, "मला माहीत हाय ते कुठून आलंय. सोयरीक जुळवताना तिच्या भावाचं कानावर आलं होतं. तवा काय, आजार कळत नव्हता, नशीब म्हणायचो. पोरगी चांगली दिसली, केली सून. आता तिला काय बोलायचं? तिनं काय मुद्दाम केलंय? तुमी तिला सांगू नका, मला ठावं हाय म्हणून. तिला झाकायचं हाय तर झाकू द्या."

मी तेही कबूल केलं. असं ते घर आजवर चाललंय. दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट जपून ठेवतात आणि दोन्हीकडून ती माझ्यापाशी येते. कधी वाटतं, दोघांना समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं. मग वाटतं, त्यांनी आपापल्या परीनं एकमेकांसाठी जे केलंय त्यात हात घालणारी मी कोण? आणि ती मुलगी, ईश्वरी, आईसारखीच हे पुढं नेणारी आहे की नाही, ते कुणी तपासलेलं नाही. मोठी झाल्यावर लग्नाआधी तिला कुणीतरी सांगायला हवं. कोण सांगेल? मी तेव्हा कुठं असेन? बदलत्या माणसांच्या या दोन खोल्यांत तेव्हा कुणाला ते आठवेल?

राजवीर चौथीत असताना चालायचा थांबला. एका दिवसात नाही. आधी जिना गेला, मग अंगण, मग खोली. गोळ्यांनी आणि आप्पांच्या हातांनी जेवढं लांबवता आलं तेवढं लांबवलं. शाळेनं चाकाची खुर्ची मिळवून दिली, पण गावातल्या रस्त्यावर ती दगडांत अडकते. म्हणून आप्पा त्याला पाठीवर घेऊन शाळेत नेतात. मी त्यांना उचलायची पद्धत शिकवली, कंबर न वाकवता, गुडघ्यात बसून. "हे बी तुमीच शिकवा," ते म्हणाले. आता त्यांचे केस पार पांढरे झालेत. उठताना त्यांचेही हात गुडघ्यांवर जातात. म्हणाले, "त्याचं वजन वाढायलंय, माझी ताकद उतरायलीय. कुठं ना कुठं दोघांची गाठ पडणारच की, मॅडम."

मागच्या आठवड्यात ते सगळे केंद्रावर आले होते. यंदाची पहिली वेचणी नुकतीच सुरू झालेली; ईश्वरीच्या केसांत कापसाचा तुकडा होता. ती आल्यापासून दोन खोल्यांतून नुसती पळत होती, घसरगुंडीवर चढत होती, धपकन बसत होती आणि हात न टेकता ताडकन उठत होती. मी तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं तरी बघत होते. मनीषाही बघत होती.

राजवीर गादीवर उताणा झोपला होता. आता पाचवीत आहे, गणितात वर्गात पहिला, बोलणं आजोबांसारखं व्हायला लागलंय. मी त्याची टाच हातात धरली होती. ती आता काटकोनापर्यंत येत नाही. मी दाबत होते, तो छताकडं बघत होता. मग त्यानं एकदम विचारलं, "मॅडम, खरं सांगाल का?"

"विचार."

"मी परत चालणार का?"

आप्पा खिडकीशी होते. त्यांनी वळून बघितलं नाही. माझ्या हातात टाच होती, ती मी तशीच धरून राहिले. इतक्या वर्षांत इतक्या आयांना, इतक्या बापांना मी काय काय सांगितलंय. पण ज्याचं आहे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सगळी मुलं लहान असतात आमच्याकडं. त्यांना विचारता येत नाही. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघणार होतं ते मला आजही माहीत नाही.

मनीषा त्याच्या दुसऱ्या पायात मोजा चढवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मॅडमला नको विचारू. त्यांना नाय माहीत."

राजवीरनं माझ्याकडं बघितलं. "तुमाला नाय माहीत?"

मनीषाचे हात थांबले होते.

"नाही रे," मी म्हणाले. "मला नाही माहीत."

मग, माझीच समजूत घालावी तसा, तो म्हणाला, "असू द्या, मॅडम."